अडतीस सह्या

आईनं आयुष्यात कधी कर्ज काढलं नाही. घरातला फ्रिजसुद्धा तिनं तीन वर्षं पैसे साठवून रोखीनं घेतला होता. लोकांची पत मोजणाऱ्या पतवेध यंत्रणेच्या मते मात्र तिनं अडतीस कर्जं काढली होती, अडतीस वेगवेगळ्या बायकांच्या नावांनी, आणि त्यातलं एक बुडवलं होतं.

हे मला ती गेल्यानंतर आठ महिन्यांनी बँकेच्या पडद्यावर कळलं.

मी मिरजेतला मुल्लाचाचांचा गोटी सोड्याचा कारखाना विकत घ्यायला निघाले होते. प्लास्टिकच्या बाटलीवर जबर कर बसल्यापासून काचेच्या बाटलीला पुन्हा दिवस आले होते. मी सोळा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली होती. लॅबमधलं माझं काम आता टोस्टरएवढ्या डब्यात मावत होतं, आणि तो डबा माझ्यापेक्षा कमी चुका करत होता. मला वाईट वाटलं नाही. वायू, दाब, स्वच्छ काच एवढं मला कळत होतं, आणि बाटलीत गोटी आत ढकलल्यावर होणारा तो आवाज मला लहानपणापासून आवडायचा.

चाचा म्हणाले होते, "बेटा, भंगारवाला रोज येऊन मशीनकडं बघून जातो. मी पस्तीस दिवस थांबतो. त्याच्यानंतर मुलाकडं मंगळूरला. तिकीट काढलंय."

म्हणून अठरा लाखांचा अर्ज केला होता. तो दीड मिनिटात नामंजूर झाला.

कर्ज विभागातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली. "तुमचं स्वतःचं सगळं स्वच्छ आहे, उत्तराताई. आईंकडून आलंय हे. आईंची थकबाकी तुमच्याकडून वसूल करता येत नाही, कायदाच नाही तसा. पण सावली पडते."

ही सावली कशी पडते, ते सांगायला हवं. पूर्वी माणसाची पत त्याच्या स्वतःच्या हप्त्यांवरून ठरायची. पतवेध आल्यावर ती नात्यांच्या जाळ्यावरून ठरू लागली. कुणी कुणाला जामीन राहिलं, कोण कुणाच्या घरी वाढलं, या धाग्यांवरून एकाचा चांगुलपणा किंवा बुडवेपणा दुसऱ्याकडे थोडा थोडा झिरपतो, असं हे गणित. ते बहुतेक वेळा बरोबर येतं, म्हणून तर बँकांनी ते स्वीकारलं.

दुसरी गोष्ट कंपठशाची, म्हणजे हाताच्या थरथरीच्या ठशाची. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. स्नायू आणि मज्जातंतू यांच्या ओढाताणीत तो सेकंदाला आठ ते बारा वेळा, डोळ्यांना दिसणार नाही इतका, थरथरतो. ही थरथर प्रत्येकाची निराळी असते. कागदाखाली ठेवतात त्या सहीच्या पाट्या गेली पंधरा वर्षं पेनाचा दाब सेकंदाला दोन हजार वेळा टिपत आल्यात. त्या नोंदी नुसत्या पडून होत्या. दोन वर्षांपूर्वी पतवेधनं त्या सगळ्या जुन्या सह्या एकदम तपासायला काढल्या. खोट्या सह्या करणारे हजारो लोक सापडले. त्यांत माझी आई सापडली.

शशिकला उपळेकर, स्वयंप्रभा महिला पतसंस्थेची सचिव. तेहतीस आणि चौतीस साली संस्थेनं दिलेल्या अडतीस छोट्या कर्जांच्या कागदांवर सह्या अडतीस बायकांच्या, आणि त्या सगळ्यांत थरथर एकाच हाताची.

"म्हणजे आईनं फसवणूक केली असं हे म्हणतंय?"

"मी म्हणत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पतदुरुस्ती करणारे लोक असतात. पण जपून जा. निम्मे चोर आहेत."

मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांचं नाव 'शुभ्रपत'. सांगलीत काचेची इमारत, खाली कॉफीचं यंत्र, वर गार हवा. माझ्यासमोर बसलेला शौनक नावाचा तरुण इतका नीटनेटका होता की त्याच्यावर धूळ बसत नसावी.

"नऊ दिवस," तो म्हणाला. "नोंद पुसून देतो. हमी आमची. साठ हजार आज, नंतर एक रुपया नाही. फक्त मधल्या काळात बँकेशी किंवा पतवेधशी तुम्ही स्वतः बोलायचं नाही."

"पुसणार कशी?"

त्यानं आवाज खाली आणला. "आईंची तेव्हा मानसिक अवस्था बरी नव्हती, असं दाखवायचं. वैद्यकीय कागद आमचे डॉक्टर करतात. आणि जोडीला त्यांचं स्वतःचं निवेदन. ऐकवू का? संस्थेच्या वार्षिक सभांच्या चित्रफितींवरून नमुना तयार केलाय."

मी हो म्हणायच्या आत त्यानं लावलं.

"तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नसायचं," आई म्हणाली. "कुठं सही केली, काय केली, मला काही आठवत नाही."

बोलण्याआधी ती जो छोटा श्वास घ्यायची, तोही त्यात होता.

मी म्हटलं, "पुन्हा लावा."

त्याला वाटलं, मला पटलं. त्यानं पुन्हा लावलं. मी अकरा सेकंद डोळे मिटून बसले. आठ महिन्यांनी तो आवाज खोलीत होता आणि जे बोलत होता ते धादांत खोटं होतं. आईनं शेवटच्या आठवड्यातसुद्धा दूधवाल्याची चार दिवसांची चूक तोंडी हिशोबानं दाखवून दिली होती.

"तुम्ही कधी एखाद्याचं काम नाकारलंय?" मी विचारलं.

"आम्ही कुणालाच नाही म्हणत नाही, मॅडम," तो अभिमानानं म्हणाला.

करारावर सही केली नाही, पण तो पर्समध्ये घातला, हेही खरं. नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. बसमध्ये दोनदा तो काढून वाचला.

दुसऱ्या दिवशी नोंदणीकृत पतदुरुस्ती सल्लागारांच्या सरकारी यादीत मिरजेचं एकच नाव मिळालं. रेवती चौगुले, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिन्याखाली भोपळे वाळत टांगलेले. वर लाकडी टेबल, भिंतीवर नोंदणीचा क्रमांक आणि पंचावन्नच्या आसपासच्या बाई, समोर शेंगदाण्याची वाटी.

"आधी ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "थकबाकी खरी असेल तर मी ती काढत नाही. कुणालाच काढता येत नाही. पतवेधच्या साखळीतून काहीही पुसलं जात नाही, फक्त दुरुस्तीची नोंद जोडता येते. पुसून देतो म्हणणारा खोटं बोलतोय. नोंद चुकीची असेल तर आपण भांडायचं. पैसे काम झाल्यावर, आठ हजार. करार केल्यावर पाच दिवसांत मन बदललं तर तोही रद्द. आणि हे सगळं तुम्ही स्वतः फुकट करू शकता. हा अर्ज, हा पत्ता."

"मग लोक तुमच्याकडं कशाला येतात?"

"तिसऱ्या अर्जाला कंटाळतात. मला कंटाळा येत नाही, हेच माझं भांडवल."

शौनकला विचारलेलाच प्रश्न मी त्यांनाही विचारला. त्यांनी बोटं दुमडत मोजलं. "या महिन्यात चौघांना नाही म्हटलं. एक माझा चुलतभाऊ. दिवाळीला बोलावणार नाही बहुतेक."

मी पर्समधला शुभ्रपतचा करार काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि त्यावर शेंगदाण्याची सालं टाकायला सुरुवात केली.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "या. आणि घाईनं या."

पडद्यावर एक सही होती, वाकडी, थांबत थांबत काढलेली. निलव्वा हुल्ले. खाली तिच्या थरथरीचा आलेख. त्यावर एक उंच सुळका.

"हा तुमच्या आईंचा हात. सेकंदाला नऊ पूर्णांक दोन. यात शंका नाही, यंत्र बरोबर आहे." मग त्यांनी आलेख मोठा केला. उंच सुळक्याशेजारी एक बुटका सुळका होता. "आणि हा कोण? दहा पूर्णांक चार. पतवेध सगळ्यात उंच तेवढं घेतं आणि बाकीचं गोंगाट म्हणून टाकून देतं. मी टाकलं नाही. अडतीसच्या अडतीस सह्यांत हा बुटका सुळका आहे, आणि प्रत्येकीत तो वेगळा आहे."

खाली दुकानात कुणीतरी तंबोऱ्याच्या तारा जुळवत होतं. चौगुलेबाईंनी बोट वर केलं. "ऐका. दोन तारा जवळजवळ सारख्या, पण अगदी सारख्या नाहीत. आवाज कसा फुगतो आणि ओसरतो, लाटेसारखा? या सहीचा दाब तसाच फुगतो आणि ओसरतो. सेकंदाला एकाहून थोडा जास्त वेळा. नऊ पूर्णांक दोन आणि दहा पूर्णांक चार यांतला फरक तेवढाच. एका पेनावर दोन हात होते, उत्तराताई."

मला संस्थेचं ऑफिस आठवलं.

या कर्जांच्या कितीतरी आधी, लहानपणी, मी शाळेतून परस्पर तिथं जायचे, आणि आईची रीत तेव्हापासून तीच होती. आई एखाद्या बाईच्या मागं उभी असायची, तिच्या खांद्यावरून वाकलेली, तिच्या मुठीवर आपली मूठ. शाईचं पॅड आईनं कपाटावर टाकून दिलं होतं. "माझ्या ऑफिसात अंगठा उठवायचा नाही," ती म्हणायची. "नाव आहे ना तुला? मग लिही." आणि ती त्यांच्याकडून लिहून घ्यायची, हात धरून, एकेका अक्षराला मिनिटभर. माझा गृहपाठ संपायचा आणि बाईचं आडनाव अजून चालूच असायचं.

"म्हणजे जिंकलो आपण," मी म्हणाले.

"थांबा." त्यांनी शेंगदाण्याची वाटी बाजूला सारली. "आईंवरून नोंद निघाली की ती जिची आहे तिच्यावर जाणार. सदतीस जणींनी कर्ज फेडलंय, त्यांचं भलंच होईल. पण निलव्वा हुल्लेंनी चौतीसच्या पुरानंतर हप्ते थांबवले. अकरा हजार दोनशे बाकी, व्याजासकट. तुमची सावली काढायची तर त्यांना उन्हात उभं करावं लागेल. त्यांची आजची सहीही लागेल, ताडून बघायला. त्या नाही म्हणाल्या तर मी पुढे जाणार नाही. हे मी आधीच सांगते, नंतर नाही."

निलव्वाचा पत्ता लागेपर्यंत चाचांच्या पस्तीस दिवसांतले तेराच उरले होते.

ती मिरजेजवळच्या आरगला सापडली. साठीची, खणखणीत, बसस्टँडसमोर भडंगाच्या गाड्यावर. मी कोण ते सांगितलं तर तिनं उलथणं तसंच हातात धरून मला पोटाशी घेतलं, आणि माझ्या पाठीवर तेलाचा डाग पडला.

"अक्का गेल्या, आन् मला सांगायला आठ महिनं लागलं व्हय गं?"

"पत्ता नव्हता, निलव्वा."

"भडंगाचा वास नव्हता व्हय? वासावर यायचं." तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्यापुढं कागदाचा कोन धरला. "खा आधी. मग बोल."

मी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. थकबाकी तिच्या नावावर जाईल, हेही सांगितलं. आणि वाटेत ठरवून आलेलं शेवटचं वाक्य: "तुझी इच्छा नसेल तर मी इथंच थांबते. किंवा ते पैसे मी भरते."

तिनं कढईखालची आच कमी केली. मला वाटलं, घाबरली.

"थांब जरा," ती म्हणाली. "ती सही माझी न्हाई, असं मशीन म्हणतंय?"

"हो. आईची म्हणतंय."

"अगं चार दिवस घोटली मी ती सही! त्या 'ल्ल' नं जीव घेतला माझा! नवऱ्याला दाखवली घरी जाऊन, तर म्हणला, कुणाकडनं लिहून आणलीस? आन् आता मशीन पण तेच म्हणतंय?" तिनं उलथणं कढईवर आपटलं. "आन् कर्ज पण माझं न्हाई?"

"कागदावर नाही."

"मग मी काय होतो? वाऱ्यावर होतो? गेल्या वर्षी मुरमुरं भाजायच्या मशिनीला कर्ज मागाय गेलो, तर बँकवाला म्हणला, मावशी, तुमचा काही इतिहासच न्हाई. मला वाटलं, गरिबाचा नसतोच इतिहास. तर तो तुझ्या आईच्या नावावर होता व्हय!"

ती हसायला लागली. ती हसली की गाड्यावरच्या बरण्या वाजत. शेजारचा चहावाला बघायला लागला.

"माझं बुडवलेलं मला दे," ती म्हणाली. "सही माझी, बाकी माझी. तू कोण भरणार? पाण्यात सगळा माल गेला, मी लेकीकडं अथणीला गेलो, अक्कांना तोंड दाखवायची लाज वाटली. नऊ वर्षं लाज वाटली. अकरा हजार व्हय? मशिनीसाठी साठवल्यात."

"निलव्वा, मशीन घे त्यात."

"गप्प बस. आईवर गेलीस अगदी, दुसऱ्याच्या हातात हात घालायची सवय."

चौगुलेबाईंनी तिला एकच गोष्ट बजावली. वसुलीवाले सहा हजारांत मिटवू म्हणतील, हो म्हणायचं नाही. तसं केलं तर 'तडजोड' अशी नोंद होते आणि ती वर्षानुवर्षं बोचते. पूर्ण भरायचे, 'पूर्ण फेड' असं लिहून घ्यायचं आणि बेबाकी दाखला हातात आल्याशिवाय उठायचं नाही. निलव्वा वसुलीच्या ऑफिसात तीन तास बसली. दाखला घेऊन आली तेव्हा म्हणाली, "साहेबाला भडंग खायला घातलं. चौथ्या कोनाला दाखला आला."

त्यानंतर जे झालं ते मी योजलं नव्हतं. आजच्या सहीचा नमुना फक्त निलव्वाचा पुरेसा होता. पण तिनं आरगपासून बेडगपर्यंत फोन लावले. अडतीसपैकी तेहतीस जणी हयात होत्या, आणि रविवारी सकाळी त्यातल्या एकोणतीस गल्लीत उभ्या होत्या. जिन्यावर रांग. तंबोरेवाल्यांनी भोपळे आत घेतले आणि सतरंजी घातली.

"माझी सही कुणाची म्हणाला होता तो मशीनवाला?"

"अक्कांची."

"अक्कांची सही एवढी वाकडी असती व्हय?"

"तुझी आता तरी सरळ हाय का, बघू?"

एकेक बाई वर येत होती, पाटीसमोर बसत होती आणि मागं कुणी उभं नसताना आपलं नाव लिहीत होती. एकजण आता रजिस्टरवर रोज शंभर सह्या करणारी अंगणवाडी सेविका झाली होती. तिनं इतक्या झरझर सही केली की चौगुलेबाई म्हणाल्या, "बाई, जरा हळू. यंत्राला दम लागला." दुसरीनं जीभ दाताखाली धरून पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं नाव, नवऱ्याचं, गावाचं, आणि विचारलं, "तालुका घालू का?"

पडद्यावर दर वेळी जुन्या सहीतला बुटका सुळका आणि आजचा सुळका एकमेकांवर बसत होते. दहा वर्षांत हात थोडे संथ झाले होते, पण आकार तोच होता. मी बाजूला उभी राहून बघत होते. एकोणतीस वेळा आईचा नऊ पूर्णांक दोन डाव्या बाजूला उमटला, प्रत्येकीबरोबर. मग चौगुलेबाई तो वजा करत आणि उरलेल्या बाईचं नाव हिरवं होई. शुभ्रपतच्या अकरा सेकंदांनी जे केलं नव्हतं ते त्या आलेखानं केलं. मी रडले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. एकीनं फक्त माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

दुरुस्ती अर्ज तीनदा परत आला. पहिल्यांदा नमुन्यातली त्रुटी, दुसऱ्यांदा कारण न देता, तिसऱ्यांदा पतवेधच्या कुणा तज्ज्ञानं विचारलं की दुसरा सुळका गोंगाट कशावरून नाही. चौगुलेबाईंना कंटाळा आला नाही. त्यांनी एकोणतीस आलेख आणि एका ओळीचं उत्तर पाठवलं: 'गोंगाट रविवारी रांग लावून सही करायला येत नाही.'

चौतिसाव्या दिवशी साखळीत नोंद जोडली गेली. शशिकला उपळेकर: कर्जे, शून्य. सदतीस बायकांच्या, हयात आणि दिवंगत, नावावर फेडलेलं कर्ज लागलं. निलव्वा हुल्लेंच्या नावावर एक थकबाकी लागली आणि तिच्याच खाली 'पूर्ण फेड'.

जुन्या नोंदी साखळीत खोल राहिल्या, पण आईच्या चालू पानावर आता काहीच नव्हतं. कोरं. तिला ते आवडलं असतं. रोखीनं घेतलेल्या फ्रिजसारखं.

बँकेनं मला अठराऐवजी साडेपंधरा लाख दिले. सावली जाते, पण लगेच पूर्ण जात नाही, असं त्या बाई म्हणाल्या. मी चाचांना सांगितलं तर त्यांनी तिकीट खिशातून काढलं, पाहिलं आणि पुन्हा ठेवलं.

"अडीच लाखांचा काय प्रश्न? वर्षभरात दे. तुझ्या बाजूनं एकोणतीस बायका रांगेत उभ्या राहतात, मी कुठल्या मशीनला विचारू?" मग मला यंत्रासमोर उभं केलं. "बाटली उलटी धर. घाबरू नको, फुटली तर फुटली. वायूचा दाब गोटीला तोंडाशी बसवतो, आपण फक्त वेळ ओळखायची."

पहिल्या दिवशी माझ्या सात बाटल्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी दोन.

कारखाना सुरू झाला त्या सोमवारी सकाळी मी शटर वर केलं तर दारासमोर गाडा उभा. नवी कोरी भाजणी मशीन त्यावर, बँकेनं दीड मिनिटात मंजूर केलेल्या चाळीस हजारांच्या कर्जाची. निलव्वा मुरमुरे परतत होती, आणि माझ्या सोड्याचं पहिलं गिऱ्हाईक आधीच तिच्याकडे भडंग खात उभं होतं.

"निलव्वा, विचारलंही नाहीस गं! जागेच्या भाड्याचं काय?"

"महिन्याच्या महिन्याला देतो," ती कढईवरून मान न उचलता म्हणाली. "विश्वास नसंल तर जा, मशीनला विचारून ये."